बाळसेदार अक्षरांचे गिरगाव

मुंबईत फुकट करता येण्याजोगे जे थोडे शौक उरले आहेत, त्यांत गिरगावातल्या पाट्या वाचत हिंडणे हा माझा सर्वांत आवडता. चर्नी रोडला उतरावे, ठाकुरद्वाराच्या नाक्यावरून काळबादेवीकडे निघावे आणि मान वर करून चालावे. सराफाची अक्षरे कोरीव, अदबशीर. वकिलाची कडक इस्त्रीची. वैद्यबुवांची मात्र थोडी खंगलेली!

याच वाटेवर गेल्या भाद्रपदात एका मिठाईच्या दुकानापाशी मी थबकलो. पाटीवरची अक्षरे गलेलठ्ठ, गोलमटोल, अंगतपंगतीला बसलेल्या बाळसेदार मुलांसारखी एकमेकांना बिलगलेली. या टाइपाचे नावच मुळी ‘मोदक’. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेतील सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला.

कुणी म्हणेल, अक्षर जाड करायला अक्कल कसली लागते? कुंचला दोनदा फिरवला की झाले! पण देवनागरीचा मामला इतका सरळ नाही. इंग्रजी ‘एल’ हवा तेवढा जाड करा, तो ‘एल’च राहतो. आपला ‘ब’ फुगवून पाहा. पोटातली तिरकी रेघ बुजली की त्याचा ‘व’ झालाच म्हणून समजा. पाटीवरच्या बर्व्यांचे वर्वे व्हायला वेळ लागत नाही. ‘ष’ आणि ‘प’ यांचेही तेच. ‘मोदक’ घडवणाऱ्यांनी अक्षराच्या पोटातली मोकळी जागा केसाएवढी बारीक केली, पण पुरती बुजू दिली नाही. त्या केसाएवढ्या फटीवर सारी ओळख उभी आहे.

ही काळजी या भागाला नवी नाही. येथूनच जवळ, काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये, जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता. १८६९ साली तो सुरू झाला. तिथले खिळे शिशाचे आणि पोथ्यांची अक्षरे बारीक. शाईने अक्षराचे पोट भरू नये, ही धास्ती मात्र हीच.

‘एक टाइप’चाच दुसरा गुटगुटीत टाइप ‘बालू’. त्याचे कुटुंब मोठे आहे. गुजरातीत तो ‘बालू भाई’, गुरुमुखीत ‘बालू पाजी’, बंगालीत ‘बालू दा’, तमिळमध्ये ‘बालू थंबी’ आणि मल्याळममध्ये ‘बालू चेट्टन’. प्रत्येक लिपीत नावापुढे भावाचे नाते! निरनिराळ्या लिप्यांचे भाऊ एकाच अंगलटीचे दिसावेत, ही खटपट लहान नव्हे. नाहीतर एकाच पाटीवर इंग्रजी अक्षर धष्टपुष्ट आणि शेजारी मराठी अक्षर उपाशी, हा देखावा आपण वर्षानुवर्षे पाहिला आहे.

२०२२ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून सांगितले, की पाटीवरची मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान असू नयेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या धांदलीत मराठी अक्षरे लांबीरुंदीला वाढली खरी. पण पुष्कळ ठिकाणी ती नुसतीच ताणलेली, घाईने चिकटवलेली दिसतात. कायदा अक्षराची उंची मोजतो, त्याचे रूप पाहण्याचे काम दुकानदाराचे. ‘मोदक’ आणि ‘बालू’ दोन्ही कुणालाही मोफत वापरता येतात. तेव्हा निदान खर्चाची सबब तरी कुणी सांगू नये.