पावतीपुस्तक

लहानपणी आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची वर्गणी मागायला मुलं जायची आणि पावत्या फाडायचं काम माझ्याकडे असायचं, कारण अक्षर वळणदार. निळा कार्बन पेपर जरा सरकला की खालच्या प्रतीवर रक्कम उमटत नसे, आणि हिशेबाच्या दिवशी खजिनदारकाका डोळे वटारत. आकड्याला शून्य कुणीही जोडेल, म्हणून ‘अक्षरी रुपये अकरा मात्र’ लिहायचं, हे त्यांनीच शिकवलं.

कॉलेजात स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करताना पुस्तक पुन्हा माझ्याच पिशवीत. दुकानदार स्मरणिकेचं नावही विचारत नसत. ‘कुणाची गं तू?’ एवढाच प्रश्न. ओळख पटली की अर्धं पान पक्कं. पैसे कामाला मिळतात असं आपल्याला वाटतं. आधी ते ओळखीला मिळतात.

पुढे नोकरी सोडून बीड जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेत आले. दसरा-दिवाळीच्या सुमारास आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुलं बरोबर गेली की शाळा सुटते. ती गावी राहावीत म्हणून जेवण, अंथरूण-पांघरूण आणि रात्री ताप आला तर उठणारं माणूस लागतं. या माणसाच्या पगारासाठी मी पुण्यातल्या माजी विद्यार्थी मेळाव्यांना जाऊ लागले.

तिथे गळ्यात नावाची पट्टी अडकवलेले वर्गमित्र ‘सध्या कुठे?’ विचारतात. उत्तर ऐकून ‘ग्रेट काम!’ म्हणतात आणि ताट घ्यायला वळतात. त्यात राग धरण्यासारखं काही नाही. लोक भेटायला आलेले असतात, द्यायला नव्हे. मागणं दुसऱ्या दिवशी फोनवर करावं. फोनवर बहुतेक जण देतात, पण दप्तरांना, सोलर हीटरला, नावाची पाटी लागेल अशा खोलीला. पगाराचं नाव काढलं की आवाज बदलतो. ‘पैसे थेट मुलांपर्यंत जायला हवेत गं.’ ताप उतरेपर्यंत उशाशी बसणारी ताई मुलांपर्यंत पोचलेली नसते का?

पावतीही आता साधी राहिली नाही. दोन हजारांवरची रोख देणगी आयकराच्या सवलतीत बसत नाही. नव्या करप्रणालीत तर ही सवलतच नाही. त्यामुळे ‘पावती राहू दे’ म्हणणारे वाढलेत. संस्थेला मात्र देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत भरावंच लागतं. अमेरिकेतला जिवलग मित्र पैसे देऊ म्हणाला, की आधी विचारावं लागतं, ‘पासपोर्ट कुठला?’ भारतीय असेल तर त्याची स्वतःची कमाई चालते. नागरिकत्व बदललं असेल तर ती विदेशी देणगी, आणि ती घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी आमच्याकडे नाही. एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाचे पैसे घ्यायचे, दुसऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं.

आपल्या माणसांकडे मागणं तसं जुनंच. धोंडो केशव कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ काढला, तेव्हा बाहेर कमावणाऱ्या मुरुडकरांनी मिळकतीतला काही भाग गावासाठी द्यावा अशी कल्पना होती. अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्यामागे एकेका पैशाची वर्गणी होती. आमचा बाक त्या मानाने श्रीमंत आहे, पण एकदा मोठी रक्कम देऊन मोकळं व्हायची त्याला घाई असते. वसतिगृहाला दर महिन्याची छोटी रक्कम जास्त उपयोगी. तिच्यावर पगाराचा शब्द देता येतो.

गेली काही वर्षं आमचे हिशेब एक वर्गमित्र पाहतो. बँकेतून निवृत्त झालेला. तो पैसे फारसे देत नाही. पण खर्चाचा तक्ता त्यानं वर्गमित्रांच्या गटावर टाकला, ताईंचा पगार त्यात ठळक दाखवला, आणि ज्यांनी मला पाटीची खोली देऊ केली होती त्यांतल्या काहींनी मासिक वर्गणी सुरू केली. माझं बोलणं त्यांनी भावनेचं धरलं होतं, त्याचं हिशेबाचं धरलं. म्हणून यंदाच्या मेळाव्याच्या यादीत देणगीदारांच्या आधी मी एक नवा रकाना आखलाय: निवृत्त कोण, आणि कशातून.