करंगळीपुरतं पितळ

आमच्या लहानपणी सोलापुरात सॅक्सोफोन दिसायचा तो वरातीत. एप्रिल-मेची लग्नसराई, पारा ४० अंशांच्या पुढे, लाल कोटातले घामाघूम बँडवाले आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे ट्रम्पेटशी चढाओढ करणारा तो वाकड्या मानेचा पितळी बाजा. त्याच्याकडून अपेक्षा एकच : आवाज वरातीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे.

हे वाद्य हळूही बोलतं, हे कॉलेजात असताना रेडिओनं शिकवलं. ‘कश्मीर की कली’तलं (१९६४) ‘है दुनिया उसी की’ ऐकताना रफींच्या मागे कुणीतरी रेंगाळत चाललंय असं वाटायचं. तो मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन. शेजारच्या कानडी घरात कद्री गोपालनाथांची कॅसेट लागायची. नादस्वरम वाजवणाऱ्या बापाचा हा मुलगा म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमधला सॅक्सोफोन पाहून भुलला आणि पुढे त्यानं त्यावर कर्नाटक संगीत उतरवलं. अ‍ॅडॉल्फ सॅक्सनं १८४६ मध्ये पॅरिसला ज्याचं पेटंट घेतलं, ज्याला लष्करी बँडांनी आधी जवळ केलं, त्या वाद्यातून गमका ऐकताना आमच्या गल्लीत कुणालाच ते परकं वाटलं नाही.

मग डीजे आले आणि बँड एकेक करून बसले. अशाच एका पथकाचा सॅक्सोफोन माझ्याकडे आला. कारखान्याचं नाव पार झिजलेलं. पोचे, हिरवट डाग, चामडं तडकलेलं. तो सुरू करता करता मी दुरुस्तीचं काम शिकलो.

अंग पितळेचं असलं तरी सॅक्सोफोन बोलतो तो बोरूसारख्या गवताच्या पातळ पट्टीमुळे. नळीला वीसहून जास्त भोकं, प्रत्येकावर झाकण, झाकणात नमद्यावर चामडं चढवलेली गादी, लाखेनं चिकटवलेली. सोलापूरच्या उन्हाळ्यात चामडं आक्रसतं. वरचं एक झाकण जरी गळलं तरी खालचे सूर रुसतात. म्हणून खोली अंधारी करायची, नळीत बारीक दिवा सोडायचा आणि झाकण अलगद मिटायचं. कडेला उजेडाची रेघ दिसली, की हवा तिथूनच निसटते. झाकण जरा शेकायचं, लाख मऊ झाली की गादी सरळ करायची. बोट जोरात दाबलं तर रेघ जाते खरी, पण ती दुरुस्ती नव्हे. वाजवणाऱ्यानं आयुष्यभर तेवढा जोर लावायचा का?

डाव्या करंगळीच्या चावीवर पितळेचा एक ओबडधोबड तुकडा डाग देऊन जोडलेला होता. काढावा का, म्हणून पथकाच्या जुन्या मास्तरांना विचारलं.

“ऱ्हाऊ द्या की,” ते म्हणाले. “पोरगं बारकं होतं. करंगळी पोचंना त्याची. भांड्याला डाग देणाऱ्याकडनं लावून घेतला.”

जुने सॅक्सोफोन जमवणारे मूळ झिलई जिवापाड जपतात. पुन्हा घासून चकचकीत केलेल्या वाद्याची किंमत उतरते, कारण पॉलिशबरोबर नक्षीही जाते. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण मूळ म्हणजे वाद्य कारखान्यातून निघालं तो दिवस, एवढंच का? नक्षी कारागिरानं गिऱ्हाईक कोण हे न बघता कोरली. हा तुकडा मात्र एका पोराचा हात बघून लावलेला आहे. त्या पोराला बँडमधून घरी पाठवणं सोपं होतं. मास्तरांनी वाद्य त्याच्याजवळ सरकवलं. जुन्या वाद्यात जपण्यासारखं काही असेल, तर ते हेच.

म्हणून गाद्या, बूच, स्प्रिंगा मी नव्या घातल्या. सुरात आड येणारे पोचे काढले, बाकीचे राहू दिले. उद्या हा बाजा ज्याच्या हाती जाईल त्यानं माझं सगळं काम खुशाल उखडून टाकावं. गाद्या बदलण्यासाठीच असतात. तुकड्याला हात लावण्याआधी मात्र त्यानं एकदा स्वतःची करंगळी तिथे ठेवून बघावी.