व्याल्यावर बघू

गाभण गाय लंगडू लागली की गोठ्यात पहिला शब्द निघतो तो ‘व्याल्यावर बघू’. त्यामागे आळस नसतो, भीती असते. सुई टोचली आणि गाभ गेला तर? भीती निराधार नाही, पण ती सरसकट सगळ्या उपचारांना लावली जाते, आणि तिथेच गाय फसते. पोटातल्या वासराची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. म्हणजे पाय दुखतो त्याच दिवसांत अंगावरचा भार वाढत जातो आणि चाऱ्याची गरजही. दुखऱ्या पायाची गाय मात्र बसून राहते आणि कमी खाते. विताना तिला उठबस करावी लागते, विल्यानंतर अंगातलं कॅल्शियम उतरलं तर धडधाकट गाईलाही उठवत नाही. तोवर दुखऱ्या खुराच्या तळव्यातला पू आतल्या सांध्यापर्यंत गेला असेल, तर ‘व्याल्यावर’ बघण्यासारखं फारसं उरत नाही. खुराचं कवच महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढतं. आज साफ केलेली जखम नव्या कवचाने झाकायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून सातव्या महिन्यात दिसलेली लंगड सातव्याच महिन्यात हाताळायला हवी.

आता भीतीत खरं किती ते पाहू. दिवस भरत आलेल्या गाईला दोर टाकून आडवी पाडणं वाईटच. पोट फुगतं, गर्भाशयाला पीळ बसू शकतो. गुंगीसाठी सर्रास वापरलं जाणारं झायलाझिन गर्भाशय आकुंचित करतं. डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड शेवटच्या काळात दिलं तर गाय वेळेआधी विऊ शकते. या तिन्ही गोष्टी टाळून पाय बरा करता येतो, हे मात्र गोठ्यापर्यंत पोचत नाही. गाय खोड्यात उभीच ठेवायची, पाय दोराने आडव्या बल्लीला वर घ्यायचा, वरून रबर आवळून खालच्या शिरेत लिग्नोकेन द्यायचं, म्हणजे फक्त पाय बधिर होतो. सुटलेलं कवच पशुवैद्याने कापायचं, पू वाहू द्यायचा. मग गाईच्या पायाच्या रचनेचा फायदा घ्यायचा: एका पायाला दोन नख्या, त्यामुळे चांगल्या नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवला की जखमी नखी अधांतरी राहते आणि गाय तीन पायांवर नाही, चारही पायांवर उभी राहते. जखमेवर डिझेल किंवा फिनेल ओतण्याची पद्धत मात्र सोडावी; त्याने किडे मरतात तसं मांसही जळतं. दोन-तीन पाय एकदम दुखत असतील, तोंडातून लाळ गळत असेल तर ती जखम नाही, लाळ्या-खुरकूत असेल. तिथे ठोकळ्याचा उपयोग नाही.

नवी मुंबईतल्या गव्हाणसारख्या गावात हे सगळं शहाणपण कुणाच्या उपयोगाचं, असा आक्षेप येईल. १९७० साली नवं शहर वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, गव्हाणच्याही. १९८४च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-नवघरला लढा झाला, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंडांचा परतावा आला. भातशेती संपली तिथे गाय ठेवायचीच कशाला? पण गाय आहे ती आहे, आणि तिच्या पायाखालची माती त्या परताव्याच्या हिशेबात कुठेच नव्हती. बांधाच्या चिखलावर चालणारा खूर आता खडी, डांबर आणि भरावातल्या डबरावर चालतो. त्यात खिळे, काचा, तारेचे तुकडे. काँक्रीट तळवा झिजवतं, पावसाळ्यातला शेण-मुताचा ओलावा तो मऊ करतो, मग एक खिळा पुरतो. तेव्हा दुखापत अपघाताने होत असली तरी तिच्यामागचं कारण कायमचं आहे. खर्चाचं म्हणाल, तर ठोकळा, चिकटद्रव्य आणि कापायचा चाकू यांची किंमत एका गाईच्या व्याल्यानंतर बुडालेल्या दुधापुढे थोडीच. अडतं ते माहितगार हातापाशी. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं. पथक आलं तरी गाय उभी बांधायला पक्का खोडा लागतो, आणि तो घरोघरी असायचं कारण नाही. चार बल्ल्या, पक्की जमीन, डोक्यावर पत्रा, एवढा एक ग्रामपंचायतीने वाडीत उभा केला तर ‘व्याल्यावर’ म्हणायचं निम्मं कारण जातं.