थंडीतला उजेड

निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. घडांना गारठा बाधू नये म्हणून शेतकरी रात्री जागवतात. घरातल्या माणसांसाठी मात्र अशी सोय नसते. आपली घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. पायाखाली शहाबादी फरशी, वाऱ्याला मोकळ्या खिडक्या, उंच छत. एप्रिलमध्ये हे सगळं सुखाचं वाटतं, डिसेंबरात अंगावर येतं. गोधडी असतेच, पण ती एकट्यापुरती. सगळ्या घराला पांघरता येईल असा एक उजेडच असतो.

पुण्या-नाशकात सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो 21 डिसेंबरला नव्हे, नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्या थोडा आधी. तोवर दिवाळीच्या पणत्या माळ्यावर गेलेल्या असतात, त्रिपुरी पौर्णिमेला उजळलेल्या दीपमाळा बहुधा विझलेल्या असतात. ऐन लांब रात्रींच्या तोंडावर सणांचा उजेड आवरला जातो आणि छताजवळची ट्यूब उरते. ती सगळ्या खोलीवर सारखाच पांढरा उजेड ओतते. त्यात सगळं दिसतं, पण कुठे टेकावंसं वाटत नाही.

दिव्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात एक आकडा असतो. 6500 केल्विन म्हणजे भर दुपारचा निळसर पांढरा, 2700 म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा रंग. समईची ज्योत त्याहूनही खाली, दोन हजारांच्या आसपास. आकडा वाढत जातो तसा उजेड गार वाटू लागतो. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, की निळा उजेड पडला की त्या मेंदूला दिवस असल्याचं कळवत राहतात. रात्री नऊ वाजता जेवणाच्या ताटावर असा दुपारचा उजेड पडला, तर शरीराला विसावा मिळायचा कसा?

रंगाइतकीच जागाही महत्त्वाची, असं मला फार वाटतं. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत दिव्यासाठी कोनाडा ठेवलेला असे, हात सहज पोचेल एवढ्याच उंचीवर. माझी आजी संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसायची, ती उजेडाकडे धरून पाहायची, मग वातीचं काजळलेलं टोक कात्रीनं सरळ कापायची. वात तिरकी राहिली की ज्योतीला शिंग फुटतं आणि काच एका बाजूनं काळी होते. कंदील जमिनीवर ठेवला की आम्ही सगळे आपोआप त्याच्याभोवती यायचो. उजेड लहान होता, म्हणून माणसं जवळ बसायची. तोंडावर समोरून पडणाऱ्या त्या उजेडात चेहरे भरलेले दिसत. वरून पडणारा उजेड डोळ्यांखाली खळगे पाडतो आणि घरातली सगळीच माणसं दमलेली दिसू लागतात.

पिवळ्या दिव्यानं खोलीचं तापमान एका अंशानंही वाढत नाही, हे खरंच. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवायचा; त्याखाली कोंबडीची पिल्लं उबेला ठेवत. एलईडी तेवढीही ऊब देत नाही. तरी भिंतीवर पिवळी झाक आली, कोपऱ्यात थोडा अंधार राहू दिला, की खोली आवरून जवळ घेतल्यासारखी होते. थोडा अंधार राहू देणं मला फार गरजेचं वाटतं. सगळे कोपरे उजळले की घर दुकानासारखं दिसतं.

अपवाद आहेत. विळीपाशी, जिन्यात, न्हाणीघरात भरपूर उजेडच हवा. म्हाताऱ्या डोळ्यांना वाचायला तरुणांपेक्षा बराच जास्त उजेड लागतो. आजोबांचा पेपर अंधारात ठेवून कसली ऊब? त्यांच्या खुर्चीशेजारी, खांद्याच्या मागून उजेड येईल असा एक वेगळा दिवा ठेवा.

बाकी खोलीत या थंडीत एवढं करून पाहा: 2700 चा एक साधा दिवा आणा, तो बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येईल असा खाली ठेवा आणि जेवणं झाल्यावर ट्यूब बंद करा.