चिलापीविषयी माझं मत का बदललं

माझं जुनं मत एका दमात सांगता येण्यासारखं होतं: चिलापी परकी आहे, तिनं आपले मासे संपवले, तेव्हा तिचा नायनाट झाला पाहिजे. मांजरीत नदीचा विषय निघाला की मी हे बोलून दाखवायचो आणि ऐकणाऱ्यांनाही ते पटायचं. आज ते मत माझं राहिलेलं नाही. चिलापी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, आणि तिला नव्या पाण्यात सोडायला माझा आजही विरोध आहे. पण मासा कुठून आला, हा प्रश्न मी आता सर्वांत आधी विचारत नाही. ही अंडी या पाण्यात जगतील कशी, हे आधी विचारतो.

मांजरी बुद्रुक मुळा-मुठेच्या एका काठावर, मांजरी खुर्द दुसऱ्या. नदी इथवर पोहोचते ती सगळं पुणे पोटात घेऊन. वरच्या धरणांनी पाणी अडवलेलं असतं, त्यामुळे उन्हाळ्यात पात्रातून वाहतं ते बहुतांशी शहरानं वापरून सोडलेलं पाणी. जलपर्णी मैलोन्‌मैल पसरते, तळाला काळा गाळ बसतो. तरीही काठावर कुणी ना कुणी गळ टाकून बसलेला असतो आणि फेकजाळं घेऊन भोई समाजातली जुनी माणसं येतात. जाळ्यात येते ती बहुतेक चिलापीच. पुढं हीच नदी भीमेला मिळते, भीमा उजनीत उतरते, आणि उजनीच्या मासळी बाजारातही चिलापीचेच ढीग असतात.

ही चिलापी म्हणजे आफ्रिकेतला तिलापिया. त्यातला मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. स्वस्त प्रथिनं मिळावीत, कुठल्याही डबक्यात वाढणारा मासा असावा, हा हेतू. मासा खरोखरच कुठल्याही डबक्यात वाढला. काही महिन्यांतच वयात येणारा, वर्षातून अनेकदा वीण घालणारा हा मासा तळ्यांत शिरला, नद्यांत शिरला. दुसऱ्या बाजूला, शहरातल्या नद्यांमधले देशी मासे घटल्याचं पुण्यातल्याच प्राणिशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा नोंदवलं. खरात, डहाणूकर आणि राऊत यांचा २००१ चा निबंध त्याच विषयावर आहे. चिलापी वाढली आणि आपले मासे कमी झाले, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की निष्कर्ष आपोआप निघतो. मीही तोच काढला होता.

या मताला बळ मिळावं म्हणूनच मी ब्लूगिलबद्दल वाचायला घेतलं. ब्लूगिल हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला सनफिश. समुद्रातल्या अजस्र सनफिशशी त्याचा संबंध नाही. तळहाताएवढा, चपटा, कल्ल्याच्या टोकाशी काळा ठिपका असलेला, पिवळट-नारिंगी छातीचा मासा. १९६० मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो शिकागोला गेले असता तिथल्या महापौरांनी त्यांना हे मासे भेट दिले. अकिहितो स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ. लोकांना खायला मासे मिळतील म्हणून त्यांनी ते मत्स्यसंशोधन केंद्राला दिले. तिथून ते बाहेर गेले, बिवा सरोवरात माजले, तिथल्या देशी माशांवर संकट आलं. २००७ मध्ये सम्राटपदावर असताना त्यांनी याबद्दल जाहीरपणे दुःख व्यक्त केलं. माझ्या युक्तिवादाला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

पण ब्लूगिल त्याच्या स्वतःच्या तळ्यात कसा जगतो, हे वाचत गेलो तसं माझं मत डळमळायला लागलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी कोमट झालं की ब्लूगिलचा नर उथळ पाण्यात येतो आणि शेपटीचे फटकारे मारून तळाचा गाळ उडवून लावतो. खाली बारीक खडी उघडी पडते, एक ताटलीसारखा खळगा तयार होतो. शेजारी दुसऱ्याचा, त्याच्या शेजारी तिसऱ्याचा. काठाला काठ लावून खळग्यांची वसाहतच उभी राहते. मादी येऊन अंडी घालते आणि निघून जाते. त्यानंतरचं सगळं नराकडे. तो खळग्यावर तरंगत परांनी सतत वारा घालतो, म्हणजे अंड्यांवर गाळ बसत नाही आणि ताजं पाणी मिळत राहतं. अंडी खायला आलेल्या गोगलगायी आणि मासे हुसकावतो. या दिवसांत तो जवळजवळ उपाशी असतो.

उत्क्रांतीनं याच व्यवस्थेत एक पळवाटही तयार केली आहे. कॅनडातल्या ओपिनिकॉन तळ्यावर मार्ट ग्रॉस यांनी दाखवलं की घरटं करणारे नर सुमारे सात वर्षांचे होईपर्यंत वयात येत नाहीत. काही नर मात्र दोन-तीन वर्षांतच वयात येतात. ते घरटं करत नाहीत. मादी अंडी घालत असताना हे छोटे नर झपकन घुसून आपलं शुक्र सोडून पळतात. थोडे मोठे झाले की मादीसारखा रंग घेऊन जोडीच्या मधेच शिरतात. पिल्लं मात्र घरमालक नरच वाढवतो. ब्रायन नेफ यांच्या प्रयोगांत तर दिसलं की असे घुसखोर जवळपास दिसले तर घरमालक अंड्यांची राखण कमी करतो आणि पिल्लं बाहेर आल्यावर, ती आपलीच असल्याचं कळलं, तर पुन्हा जोमानं राखतो.

हे वाचताना मला मांजरीची चिलापी आठवत राहिली. वीण आली की तिचाही नर काळा पडतो, तळात खळगा करतो आणि तो राखतो. सनफिश आणि तिलापिया एका कुळातले नाहीत. अमेरिकेत आणि आफ्रिकेत खळगा करून अंडी राखण्याची रीत स्वतंत्रपणे घडत गेली. चिलापी तर आणखी पुढं गेली आहे. मादी अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस तिचं तोंड हेच त्यांचं घर. एकदा भोई समाजातल्या एका काकांच्या जाळ्यात अशी मादी आली होती. त्यांनी तिचा जबडा बोटानं हलकेच उघडला तर पिवळसर, मोहरीहून मोठी अंडी आत गच्च भरलेली. "काका, या नदीत हीच का एवढी?" मी विचारलं. ते म्हणाले, "नदीचा तळ राहिलाय का दुसऱ्यांना अंडी घालायला? ही आपली अंडी तोंडातच घेऊन फिरती." आणि त्यांनी ती मादी पाण्यात सोडून दिली.

माझ्या मनातली गाठ त्या उत्तरानं सुटली. आपल्या नदीतले महाशीर, कोळशी यांसारखे मासे पावसाळ्यात वाहतं पाणी शोधत वर चढतात आणि खडीवर अंडी सोडून देतात. त्यांच्यात राखण करणारं कुणी नसतं. राखण नदीनंच करायची असते. खड्यांच्या फटींतून खेळणारं स्वच्छ पाणी हीच त्या अंड्यांची दाई. खडीवर गाळ बसला की अंडी गुदमरतात. धरणानं प्रवाह थोपवला, वाळूउपशानं तळ खरवडला, सांडपाण्यानं प्राणवायू संपवला, की त्या माशाची पुढची पिढीच होत नाही. चिलापी त्याच पाण्यात तगते, कारण तिच्या अंड्यांना तळाची गरज उरत नाही. कमी प्राणवायूत ती पृष्ठभागाशी येऊन श्वास घेते. आपली देशी मरळही अशा पाण्यात बऱ्यापैकी टिकून आहे. ती हवेतला प्राणवायू घेते आणि नर-मादी दोघं मिळून पिल्लांचा थवा सांभाळतात. म्हणजे या नदीनं चाळणी लावली आहे ती देशी-परक्याची नाही. अंडी कुणाच्या भरवशावर ठेवायची, याची ती चाळणी आहे.

उरलेली शंका महाशीरनंच फेडली. कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर लिहिताना १८३९ मध्ये ज्या महाशीरला शास्त्रीय नाव दिलं, तो टॉर खुदरी याच मुळा-मुठेतला. म्हणजे आमच्या नदीचा अभिमान. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची बीजनिर्मिती झाली. संवर्धनासाठी ती पिल्लं देशभर गेली, तशी कावेरीतही सोडली गेली. कावेरीत मात्र स्वतःचा, कुबडाचा, नारिंगी परांचा मोठा महाशीर होता. आपला महाशीर तिथं वाढला आणि तिथला कुबडाचा महाशीर मागं पडत गेला. २०१८ मध्ये त्याला टॉर रेमादेवी म्हणून निश्चित ओळख मिळाली आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त असल्याचंही जाहीर झालं. आपल्या नदीतला मासा कावेरीला परका आणि घातक ठरला. मग माशाच्या अंगावर "आपला" असा शिक्का मारून मी नक्की काय सिद्ध करत होतो?

मला आता दोन गोष्टी वेगळ्या कळतात आणि दोन्ही मनापासून पटतात. पहिली, जिथं नदी अजून नदी आहे, मुळशी-पानशेतच्या वरच्या ओढ्यांत, खडी स्वच्छ आहे आणि देशी मासे तिथं वीण घालतात, तिथं चिलापी, गप्पी किंवा टाकीतले शोभेचे मासे सोडणं हा थेट आघात आहे. जपानच्या बिवा सरोवरानं आणि आपल्या कावेरीनं तो धडा दिला आहे. हौसेनं मासे पाळणाऱ्यांनी टाकी नको झाली म्हणून मासे नदीत सोडू नयेत. पुण्यकर्म म्हणूनही सोडू नयेत. दुसरी, मांजरीसारख्या ठिकाणी, जिथं नदी बिघडूनच गेली आहे, तिथं चिलापी मारून काहीच साधणार नाही. ती उद्या नाहीशी झाली तरी परवा महाशीर येणार नाही, कारण त्याला अंडी घालायला जागाच नाही. तोवर ती भोई कुटुंबांच्या हाताला लागणारी मासळी आहे, आणि तिच्याबद्दल मनात राग धरून मी नदीचं काहीच भलं केलेलं नसतं.

म्हणून माझा आग्रह आता दुसरीकडे आहे. नदीकाठ सुंदर करण्याची बरीच चर्चा पुण्यात होते. काठ सुंदर असावाच, पण मासा काठावर अंडी घालत नाही. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय पात्रात सोडू नये, धरणांतून पावसाळ्याबाहेरही थोडा प्रवाह सोडला जावा, वाळू आणि खडी उपसणं थांबावं, गाळ बसू नये: यावर बोलणारे आमच्या मांजरीत वाढले पाहिजेत. नदी सुधारली की नाही हे तपासायला साधी कसोटी पुरेशी आहे. पाण्याचा रंग पाहू नका, काठावरचे दिवे मोजू नका. ज्या माशाची अंडी नदीलाच राखावी लागतात, त्याची यंदाची पिल्लं मांजरीच्या पाण्यात सापडली, तर नदी सुधारली. सापडली नाहीत, तर काम अजून बाकी आहे.