परमिट लागतं का, सर?

गेल्या आठवड्यात दुपारी जरा डोळा लागत होता तोच फोन वाजला. महाडचा एक जुना विद्यार्थी. जुना म्हणजे किती, तर आता त्याच्याच डोक्यावर केस उरलेले नाहीत. त्याचा मुलगा नोकरीनिमित्त जपानात असतो. नवराबायको दोघं महिनाभर तिकडे निघालेत आणि मुलाने फर्मान काढलंय, की होक्काइदोला जाऊ तेव्हा गाडी भाड्याने घेऊ, बाबा, तुम्हीही थोडी चालवा, येताना परमिट घेऊन या.

"सर, तुम्ही अमेरिकेत गाडी चालवली होतीत ना? ते इंटरनॅशनल परमिट खरंच लागतं का? एकजण म्हणतो लागतंच, दुसरा म्हणतो पैसे फुकट जातात."

मी म्हटलं, "दोघंही बरोबर सांगतायत."

तो हसला. सरांची जुनी खोड, असं त्याला वाटलं असणार. मग मी त्याला फोनवर काय ते सांगितलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगायला त्या दिवशी जीभ रेटली नाही. ते इथे लिहून टाकतो. आमची कन्या हे वाचेल तेव्हा तिचा फोन येईलच. येऊ दे.

आधी हे परमिट म्हणजे काय ते सांगतो, कारण याबद्दल फार गैरसमज आहेत. मंडळी, हा परवाना नव्हे. हे आपल्या परवान्याचं भाषांतर आहे. १९४९ साली जिनिव्हात रस्ता वाहतुकीबद्दल देशादेशांत एक करार झाला, त्यात आपला भारत आहे. त्या कराराने या पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला. करड्या रंगाचं कव्हर, आत तीच तीच माहिती वेगवेगळ्या भाषांत, आणि शेवटचा भाग फ्रेंचमध्ये. या माणसाला अमुक प्रकारचं वाहन चालवता येतं असं त्याच्या देशाचं सरकार म्हणतं आहे, एवढाच सगळ्याचा अर्थ. जवळ मूळ परवाना नसेल तर नुसत्या परमिटला किंमत शून्य. मूळ कविता हरवली आणि भाषांतर तेवढं उरलं, तसं. मुदत एक वर्ष, आणि परवानाच त्याआधी संपत असेल तर तितकीच.

आणि ते मिळतं फक्त आपल्या आरटीओकडून. इंटरनेटवर 'इंटरनॅशनल लायसन्स' तीन वर्षांसाठी, दहा वर्षांसाठी देतो म्हणून डॉलर मागणारे पुष्कळ भेटतात. ते कागद कुठल्याही पोलिसापुढे चालत नाहीत. हे त्या विद्यार्थ्याला मी दोनदा सांगितलं, कारण त्याने एक असं दुकान आधीच शोधून ठेवलं होतं.

मी २०१९ मध्ये काढलं ते पेणला. आमचा रायगड जिल्हा म्हणजे एमएच ०६, त्याचं कार्यालय पेणला. ४-अ नमुन्यातला अर्ज, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, फोटो आणि एक हजार रुपये फी. आता अर्ज घरबसल्या सारथी पोर्टलवर भरता येतो. २०२२ पासून देशभर सगळीकडे परमिट एकाच धर्तीचं झालंय, त्यावर क्यूआर कोडही असतो. परदेशात असताना मुदत संपली तर २०२१ पासून तिथल्या आपल्या वकिलातीमार्फत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. तेव्हा मात्र मी महाडहून सकाळची एसटी पकडून गेलो होतो, आणि परमिट हातात पडलं तेव्हा वडखळला दोन वडे जास्तीचे खाल्ले. अडुसष्टाव्या वर्षी आपल्याला कुणीतरी 'आंतरराष्ट्रीय' म्हटलं याचा तो आनंद होता, दुसरं काय.

येताना गाडीत मनात आलं, की नात्याच्या माणसाची सही सातासमुद्रापार चालण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. चिंतामणराव देशमुख आमच्या नात्याचे. १८९६ साली इथे जन्मले आणि १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्या काळात आखातात, दुबईकुवेतकडे, व्यवहार भारतीय रुपयात होत असे. १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया निघाला आणि साठीच्या दशकात त्या देशांनी आपापली चलनं काढली. तोवर आमच्या गावच्या माणसाची सही तिकडच्या बाजारात बिनपरमिटची चालत होती. असो. मास्तर माणसाला विषयांतराला निमित्त लागत नाही.

तर त्या वर्षी सप्टेंबरात आम्ही दोघं कॅलिफोर्नियात सनीवेलला कन्येकडे पोचलो. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी ती करडी पुस्तिका टेबलावर ठेवली. लेकीने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, इथे हे लागत नाही."

लागत नाही म्हणजे? तिने तिथल्या वाहन खात्याचं पानच उघडून दाखवलं. पाहुणा म्हणून आलेला, अठरा वर्षं पूर्ण झालेला माणूस आपल्या देशाच्या चालू परवान्यावर तिथे गाडी चालवू शकतो. आंतरराष्ट्रीय परमिटला कॅलिफोर्निया परवाना म्हणून मानतच नाही. माझा परवाना इंग्रजीत छापलेला, त्यामुळे भाषांतराचाही प्रश्न नव्हता. म्हणजे पेणची फेरी, हजार रुपये आणि ते जास्तीचे वडे, सगळंच वाया!

अमेरिकेत हा नियम राज्याराज्याला बदलतो, त्यामुळे कॅलिफोर्नियाचं सांगून न्यू जर्सीला निघालेल्याचं समाधान होत नाही; ज्याने त्याने आपलं राज्य तपासावं. शिवाय पोलीस एक विचारतो आणि भाड्याने गाडी देणारा दुसरंच. योसेमिटीला जाताना सगळ्यांना पुरेल अशी मोठी गाडी घेतली आणि जावयांनी माझंही नाव चालक म्हणून घातलं, तेव्हा खिडकीवरच्या पोराने परवाना पाहून झाल्यावर परमिट मागितलं. मी ज्या रुबाबात ते काढून दिलं, त्यावर घरात अजून विनोद होतात. तीन महिन्यांत त्या पुस्तिकेने केलेलं एवढंच काम. विमा कंपनीला लेकीने फोन केला तेव्हा त्यांनी परमिटचं नावही काढलं नाही. किती दिवस राहणार, किती वर्षं गाडी चालवतो, घरची गाडी रोज वापरणार का, असले प्रश्न. माझं नाव पॉलिसीत घातलं गेलं. म्हणजे कायद्याने बघायला गेलं तर मी चारही बाजूंनी पक्का होतो.

मग रविवारी सकाळी एका शाळेच्या रिकाम्या आवारात माझी शिकवणी सुरू झाली. लेक शिक्षिका, मी विद्यार्थी. डावा हात गिअर शोधायला जायचा तो दारावर आपटायचा. इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर सुरू, कारण तिथे ते दांडे आपल्या उलट. पाऊस नाही, काही नाही, आणि वायपर फटाफट! चौकात चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी असते, तिथे जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार. कुणी हॉर्न वाजवत नाही. लाल दिव्यालाही पूर्ण थांबून, रस्ता मोकळा बघून उजवीकडे वळता येतं. हे सगळं दोन रविवारांत जमलं. तिसऱ्या आठवड्यात मी एकटा गाडी नेऊन आणू लागलो आणि सौ. शेजारी बसून अभिमानाने बाहेर बघू लागली.

आता ते उरलेलं अर्धं.

ऑक्टोबरातली संध्याकाळ. लेक ऑफिसात, जावई दौऱ्यावर. कोथिंबीर संपली होती. दुकान जवळच, जेमतेम पाच मिनिटांवर. नातवाला मागच्या सीटवर त्याच्या खुर्चीत बांधलं, तिथे आठ वर्षांच्या आतल्या मुलाला ते सक्तीचंच आहे, आणि आम्ही तिघं निघालो. जाताना सगळं व्यवस्थित. येताना त्या दुकानांच्या आवारातून बाहेर रस्त्यावर यायचं आणि डावीकडे वळायचं. रस्ता रिकामा. अंधारून आलं होतं. नातू मागे काहीतरी गाणं म्हणत होता आणि सौ. म्हणत होती, भाकरीबरोबर पिठलं करू या.

तिथे डावीकडे वळायचं म्हणजे आधी जवळची बाजू ओलांडून पलीकडच्या बाजूला जायचं. मी मात्र वळलो तो आपल्या मुंबई-गोवा रस्त्यावरून नातेखिंडीत वळतो तसा. मुंबईकडून आलं की डावीकडे रायगडचा रस्ता लागतो, तिथे कडेला धरून सहज आत शिरायचं. किती हजार वेळा वळलो असेन. हातांनी मला न विचारता तेच केलं.

समोर दोन दिवे. आधी मला वाटलं तोच चुकीच्या बाजूने येतोय. हे मी लिहितोय कारण ते खरं आहे: त्या क्षणी मला समोरच्याचाच राग आला होता. सौ. एवढंच म्हणाली, "अहो." मी ब्रेक दाबला. समोरची गाडीही थांबली. मध्ये अंतर किती होतं, तर आमच्या ओसरीपासून तुळशीपर्यंत, त्याहून जास्त नाही.

हॉर्न नाही, शिवी नाही. एक मध्यमवयीन बाई काच खाली करून बाहेर वाकली आणि तुम्ही ठीक आहात ना, असं विचारलं. तिने धोक्याचे दिवे लावून आपली गाडी तशीच आडवी उभी ठेवली, म्हणजे मागून कुणी येऊ नये, आणि मी गाडी मागे घेऊन आवारात परत नेईपर्यंत ती हलली नाही. तिचं नाव मला कधीच कळलं नाही.

आवारात शिरून गाडी बंद केली. खिशात परवाना होता. परमिटही होतं, कौतुकाने बाळगायचो. पॉलिसीवर नाव होतं. आणि मागे तीन वर्षांचा पोर तेच गाणं म्हणत होता. माझे हात वीसएक मिनिटं थांबत नव्हते. लेकीला फोन करून सांगितलं, अंधारात नीट दिसत नाही, तू येताना आम्हाला ने. दोघींपैकी एकीला खोटं सांगितलं आणि दुसरीला गप्प राहायला लावलं. सौ. आजवर गप्प राहिली. त्यानंतर मी तिथे गाडीला हात लावला नाही, मोतीबिंदूचं निमित्त पुढे केलं. मोतीबिंदू होता, पण एवढाही नव्हता.

तर विद्यार्थ्याला काय सांगितलं? जपानला परमिट लागतंच. तिथे पाहुण्याचा नुसता भारतीय परवाना चालत नाही, १९४९ च्या करारातलंच परमिट हवं, आणि सुदैवाने आपलं तेच आहे. जर्मनीचा माणूस मात्र तिथे आपलं परमिट दाखवून भागवू शकत नाही, कारण जर्मनी १९६८ च्या व्हिएन्ना करारातला. त्याला आपल्या परवान्याचं जपानी भाषांतर करून घ्यावं लागतं. आणि गंमत बघा, जपानात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. जिथे कागदाशिवाय चालत नाही तिथे हात शहाणे असतील, आणि जिथे कागद कुणी बघितला नाही तिथे माझे हात फितूर झाले.

आखाताचंही त्याने विचारलं, कारण त्याचा मेहुणा दुबईला आहे. आमच्या महाड तालुक्यातली कितीतरी घरं तिकडच्या पैशावर उभी आहेत. तिथे पाहुणा म्हणून गेलात तर आपला परवाना आणि परमिट यांवर भाड्याची गाडी मिळते. पण राहण्याचा व्हिसा लागला की परमिटचं राज्य संपलं, तिथली परीक्षा देऊन तिथलाच परवाना घ्यावा लागतो. बरीच मंडळी इथे चूक करतात. आणि तिथे रस्ता उजवीकडचा, हेही त्याला सांगितलं, जरा जास्तच ठासून. तो म्हणाला, "सर, ते तर माहीतच आहे की!"

माहीत मलाही होतं.

माझं परमिट २०२० मध्येच संपलं. कपाटात पासपोर्टच्या खाली आहे. गाडी मी अजून चालवतो, पण दिवसाउजेडी आणि महाडपर्यंतच. मुंबईहून परत येताना भाचा चालवतो, मी पुढे बसतो, सौ. मागे. आणि नातेखिंड आली की दर वेळी मागून आवाज येतो, "डावीकडेच ना?"