अलिफ, बे आणि ग म भ न

मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची बिस्मिल्ला करायची, असा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, समोर रेहल, आणि मौलवीसाहेब म्हणतील ते मुलाने मागून म्हणायचे. मग मिठाई वाटायची. हा रिवाज फर्ज नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या दिवशी घराला जाणीव होते की हे मूल आता अक्षरांकडे निघाले. इकडे दसऱ्याला शाळेत पाटीपूजन होते. पाटीवर एक-एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी ती काढली आणि संध्याकाळी तीच पाटी पुसून तिच्यावर अलिफ, बे गिरवले. घरात कुणाला त्यात वावगे वाटल्याचे आठवत नाही.

आम्ही दोघेही प्राथमिक शिक्षक आहोत. एकाची शाळा मराठी, दुसरीची उर्दू. त्यामुळे मुले वाचायला कशी शिकतात हा आमच्याकडे जेवताना निघणारा विषय आहे, आणि त्यावर आमचे वादही पुष्कळ झाले आहेत.

आपले मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत दोन लिप्यांना भिडते, पुष्कळदा तिसरीलाही. फजरनंतर मकतबात नूरानी कायदा, तो उजवीकडून डावीकडे. अकरा वाजता शाळेत ग म भ न, ते डावीकडून उजवीकडे. कायद्यात 'बा' म्हणायचे आणि उर्दूच्या पुस्तकात त्याच अक्षराला 'बे'. पालक विचारतात, एवढ्याशा डोक्यात किती भरायचे? आमचा अनुभव असा, की दिशेचा गोंधळ थोडे दिवस टिकतो आणि जातो. आम्ही अशा वह्या पाहिल्या आहेत की ज्यांत या टोकाकडून मराठी आणि त्या टोकाकडून उर्दू लिहिलेले असते, आणि दोन्ही मधल्या पिनेपाशी येऊन भेटतात. मुलाला त्यात काही विशेष वाटत नाही. वहीची बचत होते एवढेच.

प्रत्येक लिपीची अडचण मात्र वेगळी. अरबी अक्षरे अठ्ठावीसच, पण शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी त्यांचे रूप बदलते. नुक्ते मोजावे लागतात. खाली एक की वर दोन, यावर सगळे अवलंबून. देवनागरीत अक्षराचे रूप तसे स्थिर, पण ३४ व्यंजने आणि बाराखडी धरली तर ४०० हून जास्त आकार डोळ्यांच्या ओळखीचे व्हावे लागतात. शिवाय जोडाक्षरे आणि रफार. 'कि' वाचताना डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, तोंडाने मात्र आधी क म्हणायचा असतो. मोठ्यांना हे जाणवतही नाही, पहिलीतले मूल तिथेच अडखळते. हे सारे अंगवळणी पडायला तिसरी-चौथी उजाडते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत 'अजून वाचत नाही' म्हणून घाबरून जाणाऱ्या आई-बापांना आम्ही धीर धरायला सांगतो.

अक्षरांच्या आधीही वाचन चालू असतेच. तीन वर्षांचे पोर बिस्किटाचा पुडा ओळखते. एसटीच्या पाटीवरचे आपल्या गावाचे नाव नुसत्या आकारावरून सांगते. पुस्तक उलटे धरून, चित्रे बघत, दादीने सांगितलेली गोष्ट 'वाचून' दाखवते. त्याला हसू नये. छापलेल्या कागदात काहीतरी सांगितलेले असते, ही वाचनातली पहिली गोष्ट त्याला कळलेली असते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. पहिलीच्या वर्गात एक मुलगा फळ्यावरचे वाक्य वाचत होता. वाक्य होते 'विहिरीत पाणी आहे.' त्याने वाचले, 'विहिरीत पानी है.' वर्ग हसला. तपासणीला आलेल्या साहेबांनी वाचता येत नाही असा शेरा मारला. त्याच्या शेजारच्याने तेच वाक्य ण सकट स्वच्छ वाचले, शाबासकी मिळवली. आम्ही नंतर दोघांना विचारले, पाणी कुठे आहे? पहिला लगेच म्हणाला, "कुएँ में!" दुसरा फळ्याकडे बघत राहिला.

आमच्या मते त्या दिवशी पहिल्यानेच वाचले होते. त्याच्या घरची बोली दखनी. डोळ्यांनी मराठी घेतली, मनात अर्थ उमटला आणि तोंडातून घरचा शब्द आला. उच्चार पुढे सुधारता येतो, तो सुधारलाच पाहिजे. पण हे झाल्यावर.

मकतबातले वाचन निराळे आहे, आणि तिथे काटेकोरपणा हवाच. क़ल्ब म्हणजे हृदय आणि कल्ब म्हणजे कुत्रा. क़ाफ घशातून आला नाही तर अर्थाचा अनर्थ होतो. हाफिजजी मखरज दहादा घोटून घेतात ते यासाठी. कुरआनचे ते नाजरा वाचन इबादत आहे. अर्थ कळला नाही तरी तिलावतीचा सवाब आहे अशी आपली श्रद्धा आहे, आणि तिच्याशी आमचे भांडण नाही. उलट तिथे तयार झालेला कान मराठी शाळेत उपयोगी पडतो, असे आम्हांला दिसते. क़ाफ आणि काफ यांतला फरक ऐकू येणाऱ्या मुलाला ल आणि ळ यांतला फरक लवकर दाखवता येतो.

गडबड होते ती एका वाचनाची रीत दुसऱ्याला लावल्यामुळे. आठव्या वर्षी कुरआन खत्म केलेली, हुशार मुलगी मराठीचा धडा हातात घेते आणि त्याच लयीत, पुढेमागे डुलत, कुठेही न थांबता शेवटपर्यंत वाचून टाकते. घरचे खूष. आपण विचारले, बेटा, यात काय सांगितलंय? तर ती चकित होऊन बघते. वाचनात हा प्रश्नही येतो, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. इकडे मराठी शाळेतही अर्थ विचारणारे थोडे आणि 'मोठ्याने, न अडखळता वाच' म्हणणारे फार. दोन्हीकडून पोर एकच शिकते.

पहिली-दुसरीपर्यंत हे खपून जाते. तिसरीत गणिताचे शाब्दिक उदाहरण येते, परिसराचा धडा येतो. आता वाचून शिकायचे असते. जीन चॉल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात हाच टप्पा दाखवला होता : आधी मूल वाचायला शिकते, मग शिकण्यासाठी वाचते. आपली मुले गप्प होतात ती नेमकी इथे. मग 'कच्चा' हा शिक्का बसतो, आणि सातवी-आठवीत गॅरेज किंवा बेकरी. मुलीचे तर कुणी कारणही विचारत नाही. हे दुखणे एकट्या आपल्या समाजाचे नाही. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पण ज्यांच्या घरची बोली वेगळी, त्यांना ते जास्त जाचते.

आणि हा प्रश्न मदरशांच्या नावाने बोटे मोडून सुटणार नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले होते की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी तीन-चार टक्केच मदरशांत शिकतात. बाकीची आपल्या डोळ्यांदेखत जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, खासगी शाळांत जातात. मकतब हा त्यांचा सकाळचा किंवा संध्याकाळचा तासभर.

आमच्या मुलीला कुठे घालायचे यावर आमच्याकडे वर्षभर चर्चा झाली. उर्दू घरच्या भाषेला जवळची, असे एक बाजू म्हणे. दुसरी म्हणे, जवळची खरी, पण घरची नव्हे. उर्दू शाळेत 'मेरेकू' म्हटले की 'मुझे' करून घेतात, 'नक्को'ला तर उभेही करत नाहीत. हा 'नक्को' आपण मराठीतूनच घेतला. 'मैंच', 'यहींच' मधला 'च'ही मराठीचाच. म्हणजे दखनी बोलणारे मूल मराठी शाळेत अगदीच परके नसते. पण हे त्याला आणि त्याच्या बाईंना कुणीतरी सांगावे लागते. कोकणातल्या आपल्या मुलांची बोली तर मराठीला आणखी जवळची. तिथल्या शिक्षकांनी आपला अनुभव लिहावा, आम्हांला वाचायला आवडेल. शेवटी मुलगी मराठी शाळेत गेली आणि उर्दू रात्री घरी. बालभारती उर्दूतूनही पुस्तके काढते, त्यामुळे दोन्ही पुस्तके घरात आणता आली.

माध्यमाच्या वादात बद्रच्या कैद्यांची हकीगत आम्हांला आठवते. सीरतच्या ग्रंथांत येते की हिजरी सन २ मध्ये, ज्या कैद्यांकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते पण लिहिता येत होते, त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना शिकवावे आणि सुटावे, असे ठरले. शिकवणारा कुठल्या पक्षाचा, हे पाहिले गेले नाही. मुलांना लिहिता-वाचता आले पाहिजे, एवढेच पाहिले गेले.

घरी आम्ही फार काही करत नाही. धडा वाचण्याआधी त्यातली गोष्ट दखनीत बोलून घेतो. वाचताना शब्द अडला तर दोन क्षण थांबतो, पटकन सांगून टाकत नाही. वाचून झाल्यावर 'किती चुका' हे न विचारता 'मग काय झालं' हे विचारतो. वर्गातही तेच करतो. साठ मुलांच्या वर्गात ते रोज जमत नाही, हे खरे आहे.

मुलगी आता चौथीत आहे. तिची दादी रोज सकाळी एक पारा वाचते, तिला मराठी अक्षर येत नाही. दारात आलेला कागद नातीने वाचायचा, असा घरचा नियम झाला आहे. औषधाची चिठ्ठी, बचत गटाचा निरोप, रेशनचा फलक. परवा ग्रामपंचायतीची सूचना आली. मुलीने ती मनातल्या मनात वाचली, ओठही हलले नाहीत, आणि आत ओरडून सांगितले, "दादी, कल नल कू पानी नै आनेवाला बोलके लिखे हैं!" दादीने तस्बी बाजूला ठेवली आणि आम्हां दोघांना हंडे भरायला लावले.